छोट्या मोटारहोमच्या मागे जादा सामान नेताना

साडेपाच-सहा मीटरच्या गाडीत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी आणि छोटेसे स्वच्छतागृह बसवले की सायकली, घडीच्या खुर्च्या, तंबू, ताडपत्री अशा वस्तूंना आत जागा उरत नाही. मग मागच्या दाराबाहेर एखादा कॅरिअर किंवा पेटी बसवून घ्यावी, असा विचार सुरू होतो. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारख्या गाडीचे मोटारहोम करून घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी येतो. फॅब्रिकेटरकडे गेल्यावर चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो म्हणजे ‘किती किलो पेलेल?’ कॅरिअर तुटेल की नाही, याचे उत्तर त्यातून मिळते. पण त्या वजनाने गाडीच्या पुढच्या चाकांवर काय परिणाम होतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते. त्यामुळे हा लेख कॅरिअरपासून सुरू न करता वजनापासून सुरू करतो.

मागच्या ॲक्सलच्या पलीकडे टांगलेले वजन

मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मागे टांगलेले वजन फक्त मागच्या चाकांवर पडत नाही. मागचा ॲक्सल हा टेकू आणि गाडी ही पहार असे समजले, तर मागचे टोक दाबल्यावर पुढचे टोक उचलले जाते. हिशेब सोपा आहे. टांगलेल्या वजनाच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर मोजावे, त्याला व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराने, भागावे आणि आलेल्या संख्येने वजनाला गुणावे. जे उत्तर येईल तितके किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात आणि तितकेच किलो मूळ वजनाखेरीज मागच्या चाकांवर वाढतात.

ट्रॅव्हलर ३३५० या गाडीचा व्हीलबेस नावाप्रमाणेच ३,३५० मिलिमीटर आहे. समजा, १०० किलोची पेटी अशी बसवली की तिचा मध्य मागच्या ॲक्सलपासून २ मीटरवर आला. २ ला ३.३५ ने भागले की सुमारे ०.६ येतात. म्हणजे पुढची चाके ६० किलोंनी हलकी होतात आणि मागच्या चाकांवर १६० किलो वाढतात. तीच पेटी आणखी ४० सेंटिमीटर मागे सरकवली तर पुढचे सुमारे ७२ किलो कमी होतात आणि मागे १७२ वाढतात. पेटी बंपरला जितकी चिकटून बसवता येईल तितकी बसवावी, या सल्ल्यामागे हाच हिशेब आहे.

पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर वळताना पुढची पकड कमी होते आणि ब्रेक दाबल्यावर पुढच्या टायरकडून मिळणारा आधार घटतो. मागचा भाग खाली बसल्यामुळे हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. विंगरच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच गंभीर ठरतो, कारण तिची ताकद पुढच्या चाकांना मिळते. घाट चढताना वजन आधीच मागे झुकलेले असते. त्यात मागे टांगलेल्या सामानाने पुढची चाके आणखी उचलली गेली, तर पावसाळ्यातल्या निसरड्या चढावर ती जागच्या जागी फिरू लागतात. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे चढावर तिची पकड जात नाही. पण पुढे स्टिअरिंग सैल पडण्याचा धोका तिलाही आहे.

आधी वजनकाटा

हा आकडा अंदाजाने ठरवण्याचा नाही. साखर कारखान्याजवळ, मार्केट यार्डाबाहेर किंवा महामार्गालगत जो ट्रकचा वजनकाटा असतो, तिथे मोटारहोम नेऊन तीन वजने घ्यावीत. पहिले पूर्ण गाडीचे, दुसरे फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि तिसरे फक्त मागची चाके ठेवून. काट्याच्या आतला आणि बाहेरचा भाग एका पातळीत असावा, अन्यथा दुसरे आणि तिसरे वजन चुकते. दोन्हींची बेरीज पूर्ण वजनाच्या जवळपास आली नाही तर पुन्हा वजन करावे. मोठे काटे ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतात, त्यामुळे थोडा फरक पडणारच.

वजन करताना गाडी खऱ्या प्रवासासारखीच भरलेली असावी. डिझेलची टाकी भरलेली, पाण्याची टाकी भरलेली, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण जागच्या जागी, आणि प्रवासाला येणारी सगळी माणसे आपापल्या जागेवर बसलेली. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, ही गोष्ट सहज विसरली जाते.

आता तीन आकडे समोर ठेवावेत. आरसीवर नोंदलेले एकूण कमाल वजन, गाडीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली प्रत्येक ॲक्सलची मर्यादा आणि टायरच्या बाजूवर छापलेला भार निर्देशांक. निर्देशांक ११० असेल तर तो टायर १,०६० किलो पेलतो आणि ११२ असेल तर १,१२० किलो. मागे जोडटायर असतील तर तिरप्या रेघेनंतरचा दुसरा आकडा धरावा लागतो. या तिन्हींपैकी जी मर्यादा आधी संपते, तीच आपली मर्यादा. अनेकदा एकूण वजनात वाव शिल्लक असतो आणि मागचा ॲक्सल मात्र भरत आलेला असतो, कारण मोटारहोममध्ये बिछाना आणि टाकी बहुधा मागेच असतात. अशा गाडीला मागे काहीही टांगू नये.

गॅरेजमध्ये यावर ‘एक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवून घ्या’ असे हमखास सुचवले जाते. पाटा वाढवल्याने गाडीचा मागचा भाग वर उचललेला दिसतो एवढेच. ॲक्सल, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक जसेच्या तसे राहतात, आरसीवरची मर्यादाही बदलत नाही आणि पुढच्या चाकांवरून गेलेले वजन परत येत नाही. वजनाच्या अडचणीवर पाटा हा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या ॲक्सलसाठी मी एक नियम पाळतो: सामान आणि माणसे भरल्यावर तिथला आकडा रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा खाली जाता कामा नये. त्यासाठी गाडीचे रूपांतर करण्यापूर्वीच एकदा वजन करून पावती जपून ठेवावी.

मागे काय टांगावे, काय टांगू नये

मागे मोठ्या आकाराच्या पण हलक्या वस्तू जाव्यात. जड वस्तू दोन ॲक्सलच्या मधोमध, जमिनीलगत राहाव्यात. घडीच्या खुर्च्या, टेबल, तंबू, पोहण्याचे सामान, ओल्या चपला आणि साध्या सायकली मागे शोभतात. पाण्याचे भरलेले कॅन, बॅटऱ्या, अवजारांची पेटी आणि जनरेटर मागे नकोत. विजेवर चालणारी सायकल सहज २० ते २५ किलोंची असते. अशा दोन सायकली आणि कॅरिअर मिळून ८० किलो कधी होतात हे कळतही नाही. निदान त्यांच्या बॅटऱ्या काढून आत ठेवाव्यात, म्हणजे काही किलो मागून कमी होतात आणि बॅटऱ्या धक्क्यांपासून व पावसापासून वाचतात.

पेट्रोलचा कॅन आणि गॅस सिलिंडर मागच्या कॅरिअरवर कदापि ठेवू नये. मागून धडक बसली तर सर्वांत आधी चिरडला जाणारा भाग तोच असतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरला गाडीतच, तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असलेले बंद कपाट हवे.

कपडे आणि खाण्याच्या वस्तूही मागच्या पेटीत ठेवू नयेत. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे धूळ ओढली जाते. कोकणातल्या कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांत पेटीच्या फटींतून तांबडी धूळ आत शिरते आणि रबराची पट्टी चांगली नसेल तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिचा थर बसतो.

मागचे दार मोकळे राहिले पाहिजे

कॅरिअरचा प्रकार ठरवताना किमतीपेक्षा ही अट आधी तपासावी. रूपांतर केलेल्या बहुतेक गाड्यांत ओटा बाजूच्या दाराजवळ असतो. ओट्यावर आग लागली तर तीच वाट बंद होते आणि मागचे दार ही बाहेर पडण्याची उरलेली वाट ठरते. ते दार आतून, अंधारात, लहान मुलालाही उघडता आले पाहिजे. दारासमोर कायमची पेटी ठोकून ही वाट बंद करणे मला मुळीच मान्य नाही.

दारावरच बसवायचे सायकल कॅरिअर हलके असतात आणि दारासोबत उघडतात, पण त्यांचा सगळा भार बिजागऱ्यांवर येतो. बिजागऱ्या त्यासाठी बनवलेल्या नसतात. साध्या, हलक्या दोन सायकलींपलीकडे त्यांच्यावर काही लादू नये, आणि कॅरिअर बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी. बंपरच्या पातळीवर, दाराच्या खालच्या कडेपेक्षा खाली राहणारा सपाट तबकासारखा कॅरिअर हा माझ्या मते छोट्या गाडीसाठी सर्वांत चांगला पर्याय आहे. त्यावर उंच पेटी हवीच असेल तर एका बाजूला खुंटीवर फिरणारा हात करून घ्यावा, म्हणजे पेटीसकट कॅरिअर बाजूला सरकवून दार उघडता येते. मात्र अशा हाताचे स्वतःचे वजन बरेच असते आणि गाडीच्या आत असलेल्याला तो सरकवता येत नाही. म्हणून मुक्कामाला थांबल्यावर तो उघडून ठेवण्याची शिस्त लागते.

फ्रेम बनवताना

फायबरचे किंवा पत्र्याचे अंग, प्लॅस्टिकचा बंपर आणि शिडी यांपैकी कशालाही फ्रेमचा भार देऊ नये. भार चासीच्या दोन लांब मेंबरवरच, म्हणजे गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या पोलादी तुळयांवरच, गेला पाहिजे. ते मागे कुठपर्यंत येतात, हे गाडीखाली शिरून प्रत्यक्ष पाहावे. विंगरची बांधणी मोनोकॉक आहे, म्हणजे तिला खाली वेगळी चासी नाही. तिथे तळाच्या मजबूत पट्ट्यांना मोठ्या जाड प्लेट लावून भार पसरवावा लागतो आणि हे काम अशा गाड्यांचा अनुभव असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

मागे जाणारे दोन हात ५० × ५० मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचे घेतले तर काय होते, ते पाहू. १०० किलोचा भार बोल्टपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि गतिरोधकावरच्या धक्क्याने तो क्षणभर तिप्पट होतो असे धरले, तर या दोन हातांवर सुमारे ८८ मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताण येतो. साध्या पोलादाची मर्यादा २१० ते २५० मेगापास्कल असते. म्हणजे अडीचपट राखीव ताकद उरते आणि वर्षानुवर्षे धक्के खाणाऱ्या फ्रेमला ती लागतेच. २ मिलिमीटर जाडीचा पाइप ‘चालतो’ असे सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

फ्रेमचे स्वतःचे वजन मात्र विसरू नये. हा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो. सात मीटर पाइप लागला की तीस किलो तिथेच संपले. मागे १०० किलोंचाच वाव असेल, तर सामानासाठी ७० उरले. म्हणून मुख्य हात जाड ठेवून तबकाच्या आडव्या पट्ट्या हलक्या पाइपच्या कराव्यात.

चासीवर वेल्डिंग करून फ्रेम चिकटवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचे पोलाद कमकुवत होते आणि पुढे तिथूनच तडा जातो. फ्रेम बोल्टने जोडावी आणि शक्यतो चासीला आधीपासून असलेलीच भोके वापरावीत. नवे भोक पाडावेच लागले तर ते मेंबरच्या उभ्या भिंतीत पाडावे. वरच्या किंवा खालच्या कडेत पाडू नये. बंद चौकोनी मेंबरमध्ये बोल्टभोवती आत पोलादी नळी घालावी, नाहीतर नट आवळताना मेंबर दबतो आणि बोल्ट काही दिवसांतच सैल पडतो. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले हाय टेन्साइल बोल्ट, जाड वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न पडणारे नट) वापरावेत. १२ मिलिमीटरचा असा बोल्ट कोरडा असताना साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळला जातो. हा आकडा टॉर्क पान्यानेच गाठावा. कॅरिअरचे कोणतेही वेल्डिंग गाडीवर बसवून करू नये. फ्रेम काढून करावे, आणि अगदीच नाइलाज असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.

सायलेन्सरचे तोंड कुठे उघडते, तेही याच वेळी पाहावे. पेटी त्याच्या समोर आली तर ती तापते, काजळते आणि धूर परतून मागच्या दाराच्या फटीतून आत येतो.

लांबी, कायदा आणि जेट्टीचा उतार

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले, ते याच कलमाच्या आधारे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान ठरलेल्या मर्यादेबाहेर मागे, पुढे किंवा बाजूला आल्यास २०,००० रुपये दंडाची तरतूद झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९३ प्रमाणे मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मागे बाहेर आलेली लांबी, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ३,३५० मिलिमीटरला तो २,०१० मिलिमीटर होतो. गाडीचा मूळ ओव्हरहँगच या मर्यादेजवळ असू शकतो, म्हणून टेप घेऊन मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून बंपरपर्यंत आधी मोजावे. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत आराखडा दाखवून विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे.

कायद्याइतकाच उतारही महत्त्वाचा आहे. मागच्या टायरपासून १.८ मीटरवर आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर बंपरची खालची कड असेल तर गाडीचा मागचा कोन, म्हणजे टायरपासून त्या कडेपर्यंतच्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन, १४ अंश होतो. त्याच उंचीवर अर्धा मीटर कॅरिअर वाढला की तो ११ अंशांवर येतो. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर चढताना हा फरक जाणवतो, कारण जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी जिथे मिळतात, तिथेच कॅरिअर टेकतो. ओहोटीला उतार आणखी तीव्र होतो. म्हणून कॅरिअरची खालची कड बंपरपेक्षा खाली येऊ देऊ नये. शक्य असेल तर ती दोन-तीन इंच वरच ठेवावी. वळताना मागचे टोक विरुद्ध बाजूला बाहेर फेकले जाते. कोकणातल्या दोन गडग्यांमधल्या वाटेने जाताना त्या बाजूचा आरसा सतत पाहावा.

दिवे आणि नंबरप्लेट

टेललॅम्प, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून सरळ आणि तिरकस, दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत. उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने जोडलेली असते, त्यामुळे ती काढून कॅरिअरवर लावण्याचा विचार करू नये. कॅरिअरचीच रचना प्लेट उघडी राहील अशी करावी. कॅरिअरच्या दोन्ही टोकांना लाल रेडियमची पट्टी लावावी आणि उघड्या पाइपांची तोंडे रबराच्या टोप्यांनी बंद करावीत, कारण मागे येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याला तेच टोक लागते.

बांधणे आणि तपासणे

सायकली उलटसुलट दिशेने ठेवल्या की हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पहिल्या सायकलचे आतले पेडल दुसरीच्या फ्रेमवर घासते. तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा दोन वेढे गुंडाळावा. पुढचे चाक फ्रेमला बांधावे, नाहीतर ते वाऱ्याने फिरत राहते. प्रत्येक सायकलला किमान दोन ठिकाणी स्वतंत्र पट्टा हवा. सगळ्या सायकलींवरून घेतलेला एकच लांब पट्टा पुरत नाही. रॅचेट पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा, म्हणजे तो वाऱ्यात थरथरत नाही. उरलेले सुटे टोक गाठ मारून खोचावे. ते फडफडत राहिले तर पट्टा झिजतो आणि रॅचेटही हळूहळू सुटू लागते.

पहिल्या चाचणीसाठी खरे सामान लावू नये. २० लिटर पाण्याचे कॅन घट्ट बांधून ठरवलेले वजन तयार करावे, पुन्हा वजनकाट्यावर जाऊन तीनही आकडे घ्यावेत आणि कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावेत. त्यानंतर टायरमधली हवा नव्या भारानुसार माहितीपुस्तिकेप्रमाणे भरावी आणि हेडलाइट खाली करून घ्यावेत. प्रत्येक नट आवळल्यावर नट आणि बोल्ट यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढावी. साधारण ५० किलोमीटर गतिरोधक आणि वळणांच्या रस्त्यावरून जाऊन आल्यावर ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला हे हात न लावता कळते. सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि वेल्डच्या कडांवर केसासारखा तडा आहे का, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे.

युरोपात राहणाऱ्या किंवा तिथे भाड्याने गाडी घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हाच हिशेब लागू आहे. फियाट डुकाटोच्या ५.४१ मीटर लांबीच्या गाडीचा व्हीलबेस ३,४५० मिलिमीटर, म्हणजे ट्रॅव्हलरच्या जवळपासच आहे. बी वर्गाच्या नेहमीच्या परवान्यावर ३,५०० किलोंची एकूण मर्यादा लवकर संपते, म्हणून सामान भरल्यावर वजन करणे तिथे आणखी गरजेचे ठरते. इटली आणि स्पेनमध्ये मागे आलेल्या सामानावर ५० × ५० सेंटिमीटरचा लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा परावर्तक फलक लावावा लागतो. जर्मनीत कॅरिअरने नंबरप्लेट झाकली गेली तर तिची दुसरी प्रत कॅरिअरवर लावतात.

किनाऱ्यावरून आल्यावर फ्रेम गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः पाइपच्या खालच्या बाजूने आणि बोल्टच्या भोवती. चौकोनी पाइपच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटे भोक ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की पाइप आतून गंजतो, आणि वरचा रंग शाबूत असल्यामुळे ते दिसत नाही. मोठा प्रवास नसेल तेव्हा फ्रेम उतरवून ठेवावी आणि बोल्टांना ग्रीस लावून ते चासीच्या त्याच भोकांत परत बसवावेत, म्हणजे भोकांच्या कडांना गंज धरत नाही. फ्रेम पुन्हा चढवताना मात्र ते ग्रीस पुसून बोल्ट कोरडे करावेत, कारण ग्रीस लागलेला बोल्ट त्याच आकड्याला आवळला तर त्यावर गरजेपेक्षा जास्त ताण येतो. नायलॉक नट मात्र प्रत्येक वेळी नवे वापरावेत.